रापणीच्या फोटोचे सतरा पत्ते

नवाबागच्या किनाऱ्यावरचा तो फोटो
डिस्कवर एकाच जागी आहे,
०४१८७ नावाचा, सव्वाचार एमबीचा.
बाकी सगळीकडे त्याचा नुसता पत्ता.

हे मला आता नीट सांगता येतं,
कारण चैत्रापासून मी दुसरं काही केलेलंच नाही.
ज्या प्रोग्रॅममध्ये अकरा वर्षं
होड्या, लग्नं, जत्रा, सोसायटीचे अर्ज,
एकेका फोटोला नाव चिकटवत बसलो
तो नव्या लॅपटॉपवर उघडेना.
फोटो शाबूत. नावं आत,
खडकाला धरून बसलेल्या कालवांसारखी.
कोयती घातल्याशिवाय सुटणार नव्हती.

कोयती घातली लॉरेटाने,
उभादांड्याच्या फेलिक्स फर्नांडिसची मुलगी.
माझ्याच काउंटरवर बसून,
दोन पासपोर्ट फोटोंच्या मधल्या वेळात
चाळीस ओळी लिहिल्या.
"जितके टॅग तितके फोल्डर," म्हणाली,
"आत फोटो नाही, फोटोची लिंक.
सतरा ठिकाणी दिसेल, जागा एकाचीच खाईल."
म्हटलं, आमचा बाबल तांडेल असाच होता.
भजनात तो, तंट्यात तो, जेवणावळीत तो,
पान मात्र एकच.

साडेनऊला तिने एंटर दाबलं
आणि ओहोटीला बिळांतून कुर्ल्या निघाव्यात
तसे फोल्डर निघाले.
माझ्या चुकाही निघाल्या.
नारळी पौर्णिमा तीन निघाल्या,
जोडून एक, तोडून एक, एकीत पो ऱ्हस्व असल्यासारखा.
बाबल वेगळा, बाबल्या वेगळा,
एकाच माणसाची दोन बिऱ्हाडं.
'तांडेल/केळुसकर' लिहिताना मी तिरपी रेघ दिली होती,
तर केळुसकर तांडेलांच्या पोटात जाऊन बसले.
बांधाचा तीस वर्षांचा वाद,
कोणाला न विचारता मिटला.
सगळ्यात मोठा फोल्डर 'नंतर बघू'.
दोन हजार नऊशे.

शेवंती कुबलांनी फार दिवस मागितले होते
दिगंबरचे फोटो.
त्याच्या नावाचा फोल्डर, नऊ फोटो,
पेन ड्राइव्हवर डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरला.
तेव्हाच संशय यायला हवा होता.
त्यांच्या टीव्हीला लावला. नऊ नावं दिसली,
एकही उघडेना.
नुसतं बोट पोचलं होतं,
बोटाने दाखवायचं ते दुकानातच.
"ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या, "चाय घी."

लॉरेटा फोनवर हसली, मग गप्प झाली.
लिंकेच्या मागे जा, खरा फोटो उचल,
हे कॉपीला वेगळं सांगावं लागतं, काका.
तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठ फोटो बरोबर उघडले.
लग्नातला, होडीला रंग देतानाचा,
एक निवडणूक ओळखपत्राचा, त्यात तो रागावलेला.
नववा ०४१८७.
ओली वाळू, ताणलेला दोर,
तेरा चेहरे मोजले. दिगंबर त्यांत नव्हता.
टॅग चुकलाय, मी मनात म्हटलं, पुसावा लागेल.
शेवंती उठल्या, टीव्हीजवळ गेल्या,
अगदी उजव्या काठावर, जिथे फोटो संपतो,
तिथे दोरावर एक मूठ होती.
"ह्यो हात तेंचोच.
मशिनीत अंगठो चेंगारललो."

मग आठवलं.
त्या सकाळी मी त्याला म्हटलं होतं, जरा आत ये.
तो आला नाही, दोर सुटला असता.
घरी येऊन मी त्याचंही नाव घातलं.
चौदा माणसं, रापण, नवाबाग, साल.

आता एक डिस्क दुकानात,
एक फेलिक्सच्या माडीवर तांदळाच्या डब्यात,
खाऱ्या वाऱ्याने पोर्ट गंजतात म्हणून.
दर अमावास्येला दोन्ही ताडून बघतो.
आणि रोज रात्री शटर अर्धं ओढून
'नंतर बघू' उघडतो.
पहिल्याच फोटोत कोणाची तरी पाठ आहे,
खांद्यावर पाग, पाय पाण्यात.
शेवंतींना विचारायला हवं.